चिंगीचं वेळापत्रक

उन्हाळा कसा काढावा हे आमच्या सोसायटीत फक्त चिंगीला कळतं. बाकी आम्ही सगळे एसीच्या भरवशावर. चिंगी म्हणजे गेटवरची तांबूस कुत्री. उभे कान, सडपातळ अंग, एका कानाला नसबंदीची खाच. सेक्रेटरींच्या मते ती सोसायटीची नाही. चिंगीच्या मते सेक्रेटरी सोसायटीचे नसावेत, कारण इतक्या वर्षांनंतरही ती त्यांच्यावर भुंकते.

मी घरून काम करते, त्यामुळे गॅलरीतून तिचा दिवस मला दिसत असतो. सकाळी ती शेजारच्या प्लॉटवर असते. तिथे रीडेव्हलपमेंट चालू आहे (ठाण्यातल्या आमच्या पाचपाखाडीत कुठे चालू नाही?) आणि रेतीचा ढीग पडलेला आहे. वरची कोरडी रेती ती पुढच्या पायांनी भराभर उडवते, खालची ओलसर, काळपट रेती दिसली की थांबते, जागा हुंगते, दोन गिरक्या घेते आणि पोट टेकते. ऊन ढिगावर चढलं की मुक्काम हलतो तो पंपरूमच्या दाराशी. तिथल्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. ही गळती दर वार्षिक सभेत निघते आणि दर वर्षी तशीच राहते, चिंगीच्या पथ्यावर. बाराच्या सुमाराला ती गाड्यांखाली जाते, पण नुकत्याच येऊन लागलेल्या गाडीखाली कधीही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी फक्त रविवारी हलते. आठवडाभर तिच्याखालची जागा चिंगीची.

मेच्या मध्यावर, पंधरा-सोळा तारखेच्या आसपास, ठाण्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळेची मुलं बाटल्या उभ्या करून फोटो काढतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी मात्र ते आठ-दहा दिवस अवघडच. सात मजल्यांच्या इमारतीची सावली इमारतीच्याच पायाशी गोळा होते, भिंतीकडेला टेकायला वीतभर जागा उरत नाही. उरतात ती झाडं आणि गाड्यांच्या खालची जमीन. झाडं आमच्याकडे आता पाच आहेत. पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा बाकीची ‘अडचण’ ठरली.

चारनंतर चिंगी ए विंगच्या जिन्यात, पहिल्या लँडिंगच्या कडप्प्यावर. आणि रात्री गाडीच्या टपावर. पत्रा लवकर तापतो तसा लवकर निवतोही. पेव्हर ब्लॉक मात्र रात्री दहा वाजतासुद्धा दुपारचं ऊन परत करत असतात. टपावर ओरखडे पडतात म्हणून काका कुरकुरतात. त्यात तथ्य आहे, पण जागेच्या निवडीत तिची चूक काढता येत नाही.

आमच्या घरात बंड्या आहे. लॅब्रॅडॉर, वय आठ, वजन डॉक्टरांनी सांगितलंय त्याहून जास्त. बंड्याला वेळापत्रक नाही. आमचं वेळापत्रक तेच त्याचं. भर दुपारी अडीच वाजता मी खुंटीवरचा पट्टा नुसता हलवला तरी तो दारात हजर होईल, शेपटी आपटत. खाली नेलं तर चालेल, चेंडू टाकला तर आणेल, पुन्हा टाकला तर पुन्हा आणेल. ‘आता पुरे’ हे शब्द त्याच्याकडे नाहीत. चिंगीला सांगून बघा दुपारी चेंडू आणायला! एक डोळा उघडेल आणि मिटेल.

मला वाटतं, पाळलेल्या कुत्र्यांचा उन्हाळा या एका फरकात आहे. चिंगी स्वतः थांबते, स्वतः जागा बदलते. बंड्याच्या वाटचं थांबणं आपल्याला करावं लागतं. माणसाच्या मागे चालायचं, तो थांबेपर्यंत थांबायचं नाही, हे त्याच्या रक्तातच भिनलंय. ज्या गुणावर आपण भाळतो तोच मे महिन्यात त्याच्या जिवावर उठू शकतो. ही माझी कल्पना नव्हे. ब्रिटनमध्ये रॉयल व्हेटर्नरी कॉलेज आणि नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी दवाखान्यांतल्या नोंदी चाळून २०२० मध्ये दाखवून दिलं की कुत्र्यांना उष्णतेचा त्रास होण्याच्या घटनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश व्यायामातून, म्हणजे चालण्या-पळण्यातून, घडलेल्या होत्या. बंद गाडीत सोडलेल्या कुत्र्याच्या बातम्या होतात, आणि व्हायलाच हव्यात. उन्हातली गाडी दहा मिनिटांत भट्टी होते, काचा बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. पण जास्त कुत्री आजारी पडतात ती मालकासोबत, पट्टा लावून, आनंदात.

आणि ही ब्रिटनची गोष्ट, जिथे तीस अंश झाले की पेपरात मथळा येतो.

आमच्या गेटवरचे मामा बीडकडचे. मागच्या मेमध्ये मोबाइलवर ३६ अंश दाखवत होता आणि मी म्हटलं, ‘मामा, तुमच्याकडे तर याहून जास्त असेल.’ ते कॉलर सोडवत म्हणाले, ‘आमच्याकडं बेचाळीस-त्रेचाळीस असतंय ताई. पण लिंबाखाली बसलं की जीव निवतो. हितं सावलीतबी घाम गळतोय.’ हवामानशास्त्राचा अख्खा धडा मामांनी तीन वाक्यांत उरकला. हवामान खात्यालाही हे मान्य आहे: मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो, किनारपट्टीवर ३७ पासून, आणि तेही सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल तर. त्याच्या आतल्या आकड्याला लाट म्हणत नाहीत, पण दमटपणा असला की तोही पुरतो. खारघरच्या मैदानात १६ एप्रिल २०२३ ला काय झालं ते आपण विसरलेलो नाही. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमाला उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. ती घाम येणारी माणसं होती.

कुत्र्याला घाम येतच नाही म्हटलं तरी चालेल. पंजांच्या गाद्यांना थोडा येतो, उन्हाळ्यात फरशीवर ओले ठसे दिसतात ते त्याचेच, पण अंग गार करायला तो पुरत नाही. त्याचा सगळा भार धापा टाकण्यावर. जीभ बाहेर, तोंड उघडं, श्वास मिनिटाला ३०० च्या घरात जाऊ शकतो. जिभेवरची आणि नाकाच्या आतली ओल उडते आणि तिच्यासोबत उष्णता जाते. हवा कोरडी असेल तर हे झकास चालतं. पण पावसाळ्यात दोरीवरचे कपडे जसे दोन दोन दिवस वाळत नाहीत, तशी खाडीकाठच्या मे महिन्यात जिभेवरची ओल उडत नाही. कुत्रा धापा टाकत राहतो, धापा टाकायच्या कष्टांनी आणखी तापतो आणि आतली उष्णता आतच. म्हणून विदर्भातल्या आतेभावाने ‘आमचा तर पंचेचाळीसमध्ये मजेत असतो’ असं फोनवर सांगितलं की मी हं हं करते आणि विषय आंब्यांकडे वळवते.

यातून एक गोष्ट निघते ती पंख्याची. ‘बंड्यासाठी वेगळा टेबलफॅन लावलाय’ असं कुणी सांगितलं की मला हसू येतं. पंखा माणसाला गार वाटतो तो घाम वाळवतो म्हणून. कोरड्या केसांवरून गरम वारा फिरवून कुत्र्याच्या पदरात फार काही पडत नाही. आधी ओलं करा, मग पंखा. पोट, जांघेतली उघडी कातडी, काखा, पंजे. पाठीवर पाणी ओतलं तर लॅबच्या तेलकट केसांवरून ते घसरून तुमच्या पायावर येतं. ओल्या फडक्याने पोट पुसून त्याला पंख्याखाली सोडलं की बंड्या पाच मिनिटांत घोरायला लागतो. कूलरचं नाव ठाण्यात काढूच नये. त्याने दमटपणा वाढतो एवढंच.

फिरवायची वेळ आम्ही पहाटे साडेपाचवर नेली आहे. मेमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तोपर्यंत आमचा एक फेरा होतो. येऊरच्या पायथ्याशी, उपवनकडे राहणाऱ्या मैत्रिणीला हा सल्ला देत नाही. तिथे पहाटेच्या अंधारावर बिबट्याचा पहिला हक्क. संध्याकाळचं म्हणाल तर सूर्य मावळला म्हणजे रस्ता निवला असं नाही. हवा ३१ अंशांवर असताना उन्हातलं डांबर ६० च्या घरात जाऊ शकतं, आणि ते उतरायला वेळ लागतो. हाताचा तळवा नको, तो राठ असतो. उलटा हात जमिनीवर ठेवायचा आणि सात आकडे मोजायचे. हात काढावासा वाटला तर परत वर. लिफ्टमध्ये लोक विचारतात, ‘काय हो, जमिनीला नमस्कार?’ विचारू देत. चालताना एखादा पंजा उचलून धरणं, पट्टा ओढून गवताकडे जाणं, घरी आल्यावर पंजे चाटत बसणं, ही सगळी भाजल्याची भाषा असू शकते. बाजारात कुत्र्यांचे बूट मिळतात. बंड्याने ते घालून जी चाल केली ती बघून मामांना हसू आवरेना, आणि ज्या तेवढ्या घामाच्या गाद्या आहेत त्याही आपण झाकतो. वेळ बदलणं फुकट आहे.

लिफ्टवरून आठवलं. काही सोसायट्यांत कुत्र्याला मुसकं घातल्याशिवाय खाली आणू नका असा फतवा असतो. ज्यांना भीती वाटते त्यांची भीती खोटी नसते, मी त्यावर वाद घालत नाही. पण ते घट्ट कापडी मुसकं तोंड मिटवून टाकतं. मिटलेल्या तोंडाने धापा कशा टाकणार? घालायचंच तर पिंजऱ्यासारखं जाळीचं घ्या, ज्यात जीभ पूर्ण बाहेर येते आणि पाणीही पिता येतं.

फिरण्याचं हे झालं. घरात बंड्याला मी चिंगीकडची एकच गोष्ट देऊ शकते, ती म्हणजे जागा निवडायची मुभा. एप्रिलपासून आमच्या घरात आतली दारं लावायची नाहीत असा नियम आहे. सकाळी तो देव्हाऱ्यापुढच्या फरशीवर असतो, दुपारी ओट्याखाली सिलिंडरच्या शेजारी, तिथेही तापलं की न्हाणीघरात मोरीपाशी. सासूबाईंना आधी विटाळ वाटायचा. आता त्या स्वतः ‘बंडोपंत, सरका’ म्हणून पाटावर बसून आंघोळ उरकतात. याउलट समोरच्या टॉवरमध्ये पश्चिमेच्या बाल्कनीत एक कुत्रा दुपारभर साखळीने बांधलेला असायचा. काचा, स्टीलचं रेलिंग, दोन वाजल्यापासून थेट ऊन. पाण्याचं भांडं होतं, तेही स्टीलचं, तेही उन्हात. त्या घरातली माणसं दुष्ट नव्हती, ‘त्याला बाहेर बघायला आवडतं’ असं त्यांचं म्हणणं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड साखळीने फार काळ बांधून ठेवणं आणि पाणी-निवारा न देणं हे गुन्हेच आहेत, पण मी कायदा काढला नाही. चारच्या चहाला त्यांच्या गृहिणीला बोलावलं आणि आमच्या गॅलरीतून त्यांची बाल्कनी दाखवली. साखळी आता हॉलमध्ये आहे.

जातींबद्दल मात्र मी गप्प बसत नाही. २००३ च्या त्या हच मोबाइलच्या, मुलामागे पग फिरतो त्या जाहिरातीनंतर पग घरोघर आले. चपटं नाक गोड दिसतं खरं, पण ज्या नाकातून उष्णता बाहेर टाकायची तेच दाबून टाकलेलं. पग, बुलडॉग, शित्झू यांना मे महिन्यात चार पावलं चालून घरघर लागते आणि मालक म्हणतो, ‘तो घोरतोच.’ आणि आता घोडबंदर रोडच्या टॉवरांत हस्की आलेत. सैबेरियाच्या बर्फात गाड्या ओढणारं जनावर, विसाव्या मजल्यावर, चोवीस तास एसीत. लाइट गेले की घरात धावपळ. हौसेला मोल नाही म्हणतात; इथे ते मोल कुत्रा भरतो. निदान घरी आहे त्याचे केस तरी भादरू नका. हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, लॅब यांचं आवरण दुहेरी असतं, वरचे केस ऊन थेट कातडीपर्यंत पोचू देत नाहीत. करायचं ते विंचरणं. आतली लोकर निघाली की हवा खेळते. ती लोकर नंतर वरणात सापडते, त्याला इलाज नाही.

खाण्याचं थोडक्यात. उन्हाळ्यात कुत्रा कमी खातो, खाऊ दे कमी. जेवण सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात. बिया काढलेलं कलिंगड चालतं, बिनमिठाचं पातळ ताक थोडं चालतं, बर्फाचा खडा चघळायला दिला तर बंड्याला सण वाटतो. द्राक्षं आणि मनुका अजिबात नाही, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आणि आंब्याची कोय! मेमध्ये आमरसाच्या दिवशी कचऱ्याचा डबा ओट्यावर चढतो, कारण गिळलेली कोय आतड्यात अडकली तर ऑपरेशनशिवाय सुटत नाही.

एवढं करूनही एखादा दिवस बिघडू शकतो, तेव्हाची तयारी हवी. कुत्र्याचं अंग एरवीच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हात लावून ‘ताप आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. बघायचं ते वेगळं: धापा थांबतच नाहीत, लाळ घट्ट आणि चिकट झाली, हिरड्या गडद लाल पडल्या, हाक मारल्यावर नजर जागेवर येत नाही, चालताना झोकांड्या जातात, उलटी किंवा जुलाब. १०४ च्या पुढे धोका सुरू होतो, १०६ ला आतले अवयव शिजायला लागतात असं आमचे डॉक्टर सरळ म्हणतात. अशा वेळी पहिली ऊर्मी म्हणजे उचला आणि दवाखाना गाठा. आता पशुवैद्य सांगतात, आधी गार करा, मग हलवा. हे ठाणेकरांना तर दोनदा सांगायला हवं. कासारवडवलीहून नौपाड्यात यायला कापूरबावडीपाशी किती वेळ अडकाल हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही, आणि कुत्रा घ्यायला तयार असलेली रिक्षा मिळेपर्यंतची मिनिटं वेगळी. ती सगळी मिनिटं मेंदू आणि मूत्रपिंडं तापत असतात.

तर पाणी. कोमट की गार, बर्फाचं की साधं यावर पूर्वी बराच वाद असे. आताचं म्हणणं साधारण असं की हाताशी आहे ते पाणी ओता, कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलं म्हणजे झालं. इथे आपली एक खास अडचण आहे. दुपारी तीनला गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला जे पाणी येतं, त्यात चहापत्ती टाकली तर रंग सुटेल. ते कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असेलच अशी खात्री मी देणार नाही. म्हणून सकाळी पाणी आलं की न्हाणीघरात सावलीला दोन बादल्या भरून ठेवते, त्यांना दुपारी कुणी हात लावायचा नाही. पाणीकपातीच्या दिवशीही नाही, नवऱ्याच्या आंघोळीलाही नाही. ओतत राहायचं, पंखा सोडायचा, ओला टॉवेल पांघरून ठेवायचा नाही. तो थोड्याच वेळात गरम होतो आणि वाफ अडवतो. शुद्धीत असेल तर पिऊ द्यायचं, घशात ओतायचं नाही. थर्मामीटर १०३ च्या आसपास आला की थांबायचं आणि मग दवाखाना. उठून शेपटी हलवायला लागला तरी दवाखाना, कारण मूत्रपिंडाचा किंवा रक्त गोठण्याचा बिघाड एक-दोन दिवसांनीही डोकं वर काढतो.

चिंगीला यातलं काही लागत नाही असं मात्र समजू नका. जागा तिला सापडते, पाणी सापडेलच असं नाही. पंपरूमच्या ठिबकण्यावर तहान भागत नाही. गेटच्या आत आम्ही दोन सिमेंटच्या कुंड्या ठेवल्या, जड, म्हणजे उलटत नाहीत, आणि स्टीलसारख्या तापत नाहीत. लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर डेंग्यू निघाला. आक्षेप अगदीच फुसका नव्हता. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात; रोज पाणी ओतून कुंडी काथ्याने घासली तर अळी जगतच नाही, हे मी लिहिलं. मग कुणी म्हणालं, पाणी ठेवलं की कुत्री वाढतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत परिसरातल्या कुत्र्यांच्या खाण्याची सोय लावणं ही रहिवासी संघटनेचीच जबाबदारी धरली आहे, हेही मी लिहिलं. त्यावर कुणाचं उत्तर नाही, एक अंगठा आला, तो कोणत्या अर्थाने ते कळलं नाही. घासायचं काम मामा आणि मी वाटून घेतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि कुंड्या पालथ्या होतात. पाऊस येण्याआधीचे ते चार-पाच ढगाळ, कोंदट दिवस कुत्र्यांना सगळ्यात वाईट असतात, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. पावसाबरोबर गोचिडी येतात, तो आणखी वेगळा विषय. आणि मग ऑक्टोबर. ओल जमिनीत, ऊन डोक्यावर, वारा पडलेला. मे महिन्याचीच धाकटी बहीण. मागच्या ऑक्टोबरात मी कुंड्या शोधायला खाली उतरले तर एक मीटररूमच्या मागे सापडली, दुसरीत कुणीतरी झेंडू लावला होता. ऐन दसऱ्याच्या तोंडावर, चांगला फुललेला. मामा म्हणाले, ‘काढू का ताई?’ मी म्हटलं, नको, सेक्रेटरींच्या मिसेसनी लावलाय. संध्याकाळी स्टेशनकडून येताना नवी कुंडी घेऊन आले, पहिलीपेक्षा मोठी.